उजवा कान सरकारचा

माझे वडील जबलपुरातल्या तोफांच्या कारखान्यात फिटर होते आणि मी तोफखान्यात भरती झालो. वडिलांना त्याचं फार कौतुक. पाहुणे आले की म्हणायचे, "मी तोफेचा गाडा बनवतो, हा तो ओढून नेतो." कारखान्यातून निवृत्त झाले तेव्हा त्यांना बरंच कमी ऐकू यायचं. पण आमच्या कांचघर वस्तीतल्या गल्लीत त्या वयाच्या सगळ्याच माणसांना कमी ऐकू यायचं. कुणी कारखान्यात उमेदीची वर्षं घालवलेली, कुणी रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये. सगळे एकमेकांशी ओरडूनच बोलायचे आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. त्यामुळे पुढे माझे कान जायला लागले तेव्हा मलाही त्यात विशेष काही वाटलं नाही.

तोफेच्या डाव्या अंगाला माझी जागा असायची. म्हणजे उजवा कान कायम तिच्याकडे. सुरुवातीला कानात घालायला कापूस मिळायचा, नंतर रबराची बोंडं आली. पण बोंडं घातली की हुकूम नीट ऐकू येत नसे, म्हणून पुष्कळ जण ती खिशातच ठेवायचे. एकदा राजस्थानातल्या सरावात शेजारची तोफ आम्ही सावध व्हायच्या आत सुटली आणि माझ्या उजव्या कानातून रक्त आलं. मिलिटरी इस्पितळात काही दिवस काढले. पडदा भरून आला असं डॉक्टरांनी सांगितलं आणि मी परत तोफेवर गेलो. तेव्हापासून कानात एक बारीक सूं वाजत असते. हे लिहितानाही वाजते आहे.

हवालदार म्हणून सुटून घरी आलो. मग एका बँकेच्या दारावर बंदूक घेऊन बसायची नोकरी केली, तीही संपली. या सगळ्या काळात ऐकणं कमी कमी होत गेलं, पण इतकं सावकाश की माझ्या लक्षात आलं नाही. मला वाटायचं, हल्लीची माणसं तोंडातल्या तोंडात बोलतात. पुण्याहून मुलाचा फोन आला की मी "हां, हां, अच्छा" करून फोन बायकोच्या हातात द्यायचो. कुणी काही विचारलं आणि कळलं नाही तर मान हलवून "हो" म्हणायचं, ही सवय लागली ती तेव्हापासूनच. "हो" म्हटलं की बहुतेक माणसांचं समाधान होतं.

मग एका हिवाळ्यात बायको न्हाणीघरात पाय घसरून पडली.

मी अंगणात उन्हाला खुर्ची टाकून पेपर वाचत होतो. न्हाणीचं दार माझ्या पाठीशीच. एकाएकी शेजारची बाई फाटक ढकलून आत धावत आली, माझ्याकडे बघून हातवारे केले आणि सरळ न्हाणीत शिरली. मी मागोमाग गेलो. बायको ओल्या फरशीवर भिंतीला टेकून बसली होती, उजवं मनगट डाव्या हातात धरून. तिचा चेहरा पांढरा पडला होता आणि हाका मारून मारून घसा बसला होता.

ऑटोतून तिला दवाखान्यात नेलं. प्लास्टर घालणाऱ्या डॉक्टरनं तिला विचारलं, किती वेळ पडून होतात? तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "थोडा वेळ." शेजारीण मात्र नंतर मला म्हणाली, "दादा, मी स्वयंपाक करून राहिली होती, बराच वेळ मला वाटलं तुमच्या घरी टीव्हीच चालू आहे."

हात गळ्यात अडकवून घरी बसल्यावर बायकोनं एक दिवस विषय काढला. माझ्या समोर येऊन बसली आणि तोंड स्पष्ट हलवत म्हणाली, "कान कुठं गेले तुमचे?"

"कुठं म्हणजे?"

"फौजेत गेले ना? मग फौजेलाच जाऊन विचारा. इथं बसून काय होऊन राहिलं?"

माजी सैनिकांची कामं करणारं एक सरकारी दफ्तर आहे आमच्याकडे, छावणीच्या बाजूला, एका जुन्या बंगल्यात. पेन्शनमधल्या चुका, विधवांचे कागद, मुलांच्या शाळेचे दाखले, सगळं तिथून पुढे जातं. सुटल्यावर मी तिथं नाव नोंदवलं होतं, त्यानंतर फारसा गेलो नव्हतो. इस्पितळाचा जुना कागद, फौजेतून सुटल्याचं पुस्तक आणि कान नोकरीत गेले त्याची भरपाई मिळावी असा एक अर्ज प्लास्टिकच्या पिशवीत घालून मी सकाळीच तिथं पोचलो.

बंगल्याला लांब पडवी आहे. तिथं बाकं टाकलेली, आणि बाकांवर आमच्यासारखे. काही जण इतक्या वर्षांनीही ताठ बसतात, काही पार वाकलेले. एक चपराशी, तोही माजी सैनिकच, आतून दाराशी येतो, एक नाव घेतो आणि परत आत जातो. मी अर्ज दिला आणि बाकावर बसून राहिलो. माणसं उठत होती, आत जात होती, येत होती. दुपारी जेवणाची सुटी झाली तेव्हा पडवीत आम्ही थोडेच उरलो होतो. मी आत गेलो आणि बाबूला विचारलं.

"आपको तो कब का पुकारा," तो म्हणाला. हे त्यानं बरंच मोठ्यानं सांगितलं असावं, कारण मला कळलं. "आप थे ही नहीं."

मी म्हटलं, मी इथंच बसलो होतो. त्यानं खांदे उडवले.

दुसऱ्या खेपेला मी दाराच्या अगदी जवळची जागा धरली. चपराश्याच्या ओठांवर नजर ठेवून बसलो. पण तो दाराशी यायचा आणि नाव घेताना आत टेबलाकडे वळून बघायचा, की पुढचं कोण. मला त्याची पाठच दिसायची. वर पंखा, बाहेर रस्त्यावर ट्रकची वर्दळ. बहिरेपणाचा अर्ज घेऊन आलेल्या माणसाला दारातून हाक मारून बोलावत होते, यात काही चुकतंय असं तिथं कुणालाच वाटत नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही वाटलं नाही. मला माझीच लाज वाटत होती.

त्या दिवशी शेजारी बसलेल्या म्हाताऱ्यानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. पांढऱ्या मिशा, डोक्याला गमछा. त्यानं दाराकडे बोट दाखवलं आणि माझ्या कानाशी वाकून माझं नाव घेतलं. मघाशी ओळख करून घेताना मी त्याला सांगितलं होतं, ते त्याच्या लक्षात राहिलं होतं. मी धडपडत उठलो.

तो बरगीकडचा. फौजेत ट्रक चालवायचा. धरणात त्याचं गाव बुडालं तेव्हा तो सीमेवर होता. पुढच्या सुटीला आला तेव्हा घर शोधायला नावेतून जावं लागलं आणि नावाड्यानं पाण्याकडे बोट दाखवून सांगितलं, इथं कुठंतरी. हे तो हसत हसत सांगायचा. त्याचे कान शाबूत होते, डोळे गेलेले. एकात मोतीबिंदू, दुसऱ्याचं ऑपरेशन होऊनही सगळं धुरकट. भिंतीवरच्या सूचना त्याला वाचता येत नसत, कुठल्या खिडकीवर काय लिहिलंय ते कळत नसे, आणि विचारायला गेलं तर बाबू म्हणायचा, वाचा की, बाहेर लावलंय.

आमचं असं जमलं. तो माझ्यासाठी ऐकायचा, मी त्याच्यासाठी वाचायचो. आम्ही ठरवून एकाच दिवशी यायला लागलो. तो बरगीहून सकाळच्या बसनं यायचा, गमछ्यात उकडलेले शिंगाडे बांधून आणायचा आणि आम्ही बाकावर सोलून खायचो. तो मला हवलदार साब म्हणायचा आणि मी त्याला दाऊ, म्हणजे थोरला भाऊ.

दाऊचं काम बायकोच्या नावाचं होतं. फौजेच्या कागदांत तिचं एक नाव होतं आणि आधार कार्डावर दुसरं. दोन्ही तिचीच. एक सासरी ठेवलेलं, दुसरं आधारच्या शिबिरात कुणीतरी लिहून टाकलेलं. पण दफ्तराच्या हिशेबी त्या दोन बायका होत्या. "मैं मर गया तो इसको कहेंगे, तू वो नहीं है," दाऊ म्हणायचा. आपल्यामागे तिची पेन्शन अडेल, एवढी एकच धास्ती त्याला होती. स्वतःसाठी त्याला त्या दफ्तराकडून काहीच नको होतं.

यथावकाश माझी पाळी दफ्तराच्या साहेबांपुढे लागली. साहेबही निवृत्त अधिकारीच, पांढऱ्या केसांचे, नीटस. मी आत गेलो आणि सवयीनं सावधान उभा राहिलो. त्यांनी हातानं बसायला सांगितलं, पण मी उभाच. त्यांनी फाइल उघडली आणि त्या फाइलकडे बघत बोलायला लागले. मला त्यांचे केस दिसत होते, चष्म्याची काडी दिसत होती. ओठ दिसत नव्हते. अधूनमधून आवाजाचा एक गुंता माझ्यापर्यंत यायचा, त्यात एखादा शब्द ओळखीचा. "मशीन." "बोर्ड." "टाइम." वाक्य संपलं की ते थांबायचे, आणि मी म्हणायचो, "हां सर."

मला वाटलं, छान झालं. साहेब सभ्यपणे बोलले, मी सभ्यपणे उत्तरं दिली. बाहेर आल्यावर दाऊनं विचारलं, "क्या बोले?" मी म्हटलं, "हो जाएगा."

बरेच दिवस काही कळलं नाही म्हणून परत गेलो, तेव्हा बाबूनं फाइल माझ्यासमोर फिरवून शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. अर्जदाराला पुनर्तपासणी नको आहे, केवळ श्रवणयंत्र हवे आहे, प्रकरण बंद. साहेबांनी मला विचारलं होतं, इतक्या जुन्या गोष्टीसाठी मेडिकल बोर्ड बसवायचा म्हणजे फार वेळ जाईल, नुसतं मशीनच हवं असेल तर ते दवाखान्यातून मिळेल, मग केस राहू द्यायची का? आणि मी म्हटलं होतं, हां सर.

मी घरी येऊन बायकोला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. प्लास्टर निघालं होतं, पण मनगट अजून दुखायचं, म्हणून पोळ्या वेड्यावाकड्या व्हायच्या. तिनं लाटणं खाली ठेवलं.

"तुम्ही हो काहून म्हटलं?"

"मला ऐकूच आलं नाही."

"मग तसं सांगायचं ना!"

"साहेबांना कसं सांगणार?"

तिनं कणिक झाकून ठेवली. मग म्हणाली, "उद्या मी येते."

दुसऱ्या दिवशी तिनं ठेवणीतलं पातळ नेसलं. दफ्तराच्या पडवीत माझ्या आणि दाऊच्या मध्ये बसली. चपराश्यानं आत जाऊ द्यायला काचकूच केली तर म्हणाली, "भैया, इनके कान मैं हूँ. मेरे बिना ये अंदर जाकर क्या करेंगे?" पडवीतले सगळे हसले. दाऊनं मला ते नंतर सांगितलं. चपराशी बाजूला झाला.

आत गेल्यावर मी नेहमीसारखा उभा. तिनं माझा दंड धरून मला खुर्चीत बसवलं आणि स्वतः शेजारी बसली. साहेबांनी फाइल उघडून मान खाली घातली, तेवढ्यात ती काहीतरी म्हणाली आणि साहेबांनी दचकून वर पाहिलं. तिनं काय म्हटलं ते तिनं मला पुढे सांगितलं: "साहब, ऊपर देखके बोलिए. इनको आपका मुँह दिखना चाहिए."

साहेबांनी फाइल मिटली. मग उठले, टेबलाला वळसा घालून आले आणि एक खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले, गुडघ्याला गुडघे लागतील इतक्या जवळ. सावकाश, एकेक शब्द सुटा करत त्यांनी विचारलं, "हवलदार साहब, अब सुनाई दे रहा है?"

इतक्या दिवसांत पहिल्यांदा मी म्हटलं, "नहीं सर. दिख रहा है."

मग त्यांनी बायकोकडे वळून काही विचारलं आणि ती बोलायला लागली. ती बाजूला होती, त्यामुळे मला तिचे ओठ दिसत नव्हते. मला फक्त साहेबांचा चेहरा दिसत होता. सुरुवातीला ते मान हलवत होते. मग मान हलवायचं थांबले. त्यांनी पेनाला टोपण लावून ते खिशात ठेवलं. एकदा माझ्याकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली. ती बरंच बोलली. फौजेत मी पुष्कळ अधिकाऱ्यांपुढे उभा राहिलो आहे, पण माझ्याविषयी इतकं कुणी कधी बोललं नसेल, आणि त्यातलं अक्षर माझ्या कानी पडत नव्हतं.

केस परत उघडली गेली. तसं साहेबांनी तिथंच लिहिलं, आणि लिहून झाल्यावर कागद मला वाचायला दिला.

परतीच्या ऑटोत मी तिला विचारलं, "काय बोलत होतीस एवढं?" तिनं हातानं खूण केली, घरी. ऑटोवाल्यासमोर ओरडून सांगण्यासारखं ते नव्हतं. घरी आल्यावर तिनं चहा केला, माझ्या डाव्या हाताला येऊन बसली, कारण डावा त्यातल्या त्यात बरा, आणि कानाशी तोंड आणून म्हणाली, "त्यांनी विचारलं, घरी काय त्रास होतो. मी पडल्याचं सांगितलं."

"ते तर एवढंसं. तू किती वेळ बोलत होतीस."

तिनं कप खाली ठेवला. मग म्हणाली, "मी म्हटलं, साहेब, मोठ्या गोष्टी मी यांना ओरडून सांगते. पोराचं लग्न ठरलं, गॅस संपला, कुणी वारलं. पण लहान गोष्टी कशा ओरडून सांगायच्या? त्या मी सांगणंच सोडून दिलं. वर्षानुवर्षं सोडून दिलं. आता आमच्या घरात फक्त मोठ्याच गोष्टी होतात."

चहा निवून गेला. मला वाटत होतं, आमचं शांत घर आहे. लोकांना मी तसं सांगायचोही, आमच्याकडे कधी आवाज नाही, भांडण नाही. त्या शांततेत ती एकटी बसलेली असायची, हे मला त्या दिवशी कळलं, आणि तेही आधी एका परक्या माणसाला कळल्यावर.

बोर्डापुढे जायचा दिवस आला. मिलिटरी इस्पितळात मला एका छोट्या बंद खोलीत बसवलं, कानांवर जाड यंत्र चढवलं आणि खूण करून सांगितलं, शिट्टी ऐकू आली की बोट वर करा. काचेपलीकडे एक तरुण मुलगी यंत्राची बटणं फिरवत होती. मी बोट वर केलं. परत केलं. मग लक्षात आलं, ती गोंधळून माझ्याकडे बघते आहे. तिनं काहीच वाजवलं नव्हतं. मी माझ्याच कानातल्या सूंला बोट वर करत होतो. ती आत आली, एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलं, "कान में आवाज़ रहती है?" मी मान हलवली. तिनं हसून माझ्या खांद्यावर थोपटलं आणि सगळं पहिल्यापासून सुरू केलं, या वेळी तुटक तुटक शिट्ट्या देऊन, म्हणजे मला माझी आणि तिची वेगळी काढता येईल.

निकाल यायला पुष्कळ महिने गेले. आला तो असा: उजव्या कानाचं नुकसान नोकरीमुळे झालं हे मान्य, डाव्या कानाचं वयोमानानुसार. मी तो कागद बायकोला वाचून दाखवला.

"म्हणजे?" ती म्हणाली.

"म्हणजे उजवा कान सरकारचा, डावा माझा."

ती इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. मलाही हसू आलं. पण त्या रकान्यांमधून माझ्या डोक्याचे दोन भाग करून कुणीतरी मध्ये रेघ ओढली होती, याचं मला अजूनही नवल वाटतं. दोन्ही कान एकाच सरावात होते, एकाच वाळूत. ओळखीच्या एका निवृत्त सुभेदारांनी अपील करा म्हणून सांगितलं. मी केलं नाही. उजव्याचं मान्य झालं, त्यात माझं पोट भरलं. काही लोक त्याला हार म्हणतील. म्हणोत.

मशीन मात्र दोन्ही कानांना मिळालं. पहिले काही दिवस जीव नको झाला. पंखा, प्लास्टिकची पिशवी, स्वतःचं चावणं, सगळं एकदम अंगावर यायचं. बायको बोलायची ती जुन्या सवयीनं ओरडूनच, आणि मी कानांवर हात ठेवायचो. "मी ओरडून राहिली का?" ती दचकून विचारायची. हळू बोलणं तिला नव्यानं शिकावं लागलं.

दिवाळीच्या आधी घराला रंग द्यायचा होता. दर वेळेसारखा मी पिवळ्याचा डबा आणायला निघालो, तर ती दारातून, अगदी साध्या आवाजात म्हणाली, "एक विचारू? तुम्ही दर वेळेला पिवळाच काहून आणता?"

"तुला आवडतो म्हणून."

"मला?"

"मी पहिल्यांदा विचारलं होतं तुला. तूच म्हणाली होतीस पिवळा."

ती माझ्याकडे बघत राहिली. "मी निळा म्हटलं होतं," ती म्हणाली.

मी उंबरठ्यावरच बसलो. घर बांधल्यापासून आमच्या भिंती पिवळ्या होत्या. तिनं कधी चूक दाखवली नाही. तिला वाटलं, मला पिवळा हवा असेल. त्या वर्षी निळा दिला. फिका, आकाशी. तिला तो भिंतीवर आल्यावर फारसा आवडला नाही, पण ती तसं म्हणाली, लगेच, हळू आवाजात, आणि मी ते ऐकलं.

दफ्तरातही एक बदल झाला. बायको बोलून आल्यानंतर साहेबांनी पडवीत एक काळा फळा लावायला सांगितला. चपराशी येऊन त्यावर खडूनं पुढचं नाव लिहायचा आणि निघून जायचा. हाक मारणं बंद. आम्हा बहिऱ्यांची सोय झाली. पण दाऊ हिरमुसला. "अब हमें कौन बताएगा?" तो म्हणाला. त्याला फळा म्हणजे भिंतीवरचा एक काळा डाग. आणि त्याच्यासारखे डोळे गेलेले काही कमी नव्हते. मग मी फळ्याखालीच बसायला लागलो. नाव लिहिलं गेलं की मोठ्यानं वाचायचं. इतकी वर्षं कमी ऐकू आल्यामुळे माझा आवाज तसाही चढलेला आहे. चपराशी म्हणाला, "हवलदार साब, आप रोज आया करो." रोज जमत नाही, पण अधूनमधून जातो.

दाऊचं काम लांबतच गेलं. प्रतिज्ञापत्र झालं, पेपरात सूचना झाली, तरी एक ना एक कागद कमी पडायचा. शेवटी साहेब म्हणाले, बायकोलाच घेऊन या, मी समोर विचारून लिहून घेतो. ती आली बरगीच्या बसनं. लहानखुरी, काळीसावळी बाई, डोक्यावरून पदर, हातात शिंगाड्यांचं गाठोडं. मी आणि माझी बायको त्यांच्याबरोबर आत गेलो. साहेबांनी नम्रपणे विचारलं, "अम्मा, आपका नाम?"

तिनं नाव सांगितलं. ते फौजेच्या कागदातलंही नव्हतं आणि आधारवरचंही नव्हतं. तिसरंच.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. दाऊनं कपाळावर हात मारून घेतला. "अरे, ये कौन सा नाम है?"

"माँ ने रखा था," ती म्हणाली. "आपने नाम पूछा, तो बता दिया."

माझ्या बायकोनं तिचा हात धरला आणि तिला समजावलं की या कागदासाठी कुठलं नाव सांगायचं. तिनं शांतपणे ऐकलं. पण आता साहेब विचारात पडले होते. त्यांनी लगेच काही लिहिलं नाही. म्हणाले, "तीनों लिख देते हैं. एक ही औरत के तीन नाम." बाबू म्हणाला, असा रकाना नाही. साहेब म्हणाले, रकान्याखाली जागा आहे ना, तिथं लिहा. पंचायतीचा एक दाखला आणखी लागला, त्यासाठी दाऊला दोनदा यावं लागलं, पण अखेर मंजुरी आली आणि तिचं ओळखपत्राचं कार्ड तयार झालं.

ते घ्यायला दोघं आले तेव्हा आम्ही होतोच. कार्डावर तिचा फोटो होता, पदर कपाळापर्यंत ओढलेला, डोळे कॅमेऱ्याकडे रोखलेले. खाली नाव एकच छापलं होतं. तीन मावत नव्हती. ती वाचू शकत नव्हती आणि दाऊला दिसत नव्हतं. तिनं कार्ड माझ्या बायकोपुढे धरलं आणि विचारलं, कौन सा लिखा है? बायकोनं वाचून सांगितलं. ते फौजेतलं होतं, सासरचं.

ती थोडा वेळ फोटोकडे बघत राहिली. मग कार्ड पदराच्या टोकात बांधलं, गाठ दातानं घट्ट केली आणि म्हणाली, "चलो, यही सही." दाऊ बसची वेळ होते आहे म्हणून घाई करत होता. तिनं त्याच्या कोपराला धरून त्याला पायऱ्या उतरवल्या आणि दोघं फाटकाकडे चालू लागली.